आयदाच्या जागी आलेली ब्रिना

ब्रिना आमच्या गाडीत आली तेव्हा तिला मागची, खिडकीजवळची जागा मिळाली, कारण ती आयदाची जागा होती. आयदाचं मनगट नाताळच्या आधी मोडलं आणि ती घरी गेली. फेब्रुवारीत तिच्या जागी ही आली. आयदाचा खण, तंबूतला आयदाचा अर्धा भाग, आयदाची पिवळी कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी, तीसुद्धा हिलाच मिळाली. खणाच्या झाकणाला आतून आयदानं गाढवांची चित्रं चिकटवली होती. मी म्हटलं, "खरवडून टाक की." तर म्हणाली, "राहू दे मावशी. ती परत आली तर?"

मी फानिका. पोरांच्या एका फिरत्या शाळेची गाडी चालवायचे आणि दोन वेळचा स्वयंपाक करायचे. त्याआधी बरीच वर्षं तोल्मिन ते बोवेत्स बस चालवली होती, त्यामुळे वळणांची आणि पोरांच्या आरडाओरड्याची मला सवय होती. शाळा गोराझ्दची. सात मुलं, एक व्हॅन, मागे कयाकी लादलेला ट्रेलर. सकाळी मिर्याम बाई गणित, इतिहास आणि काय काय शिकवायच्या, दुपारी गोराझ्द सगळ्यांना घेऊन पाण्यात. बर्फ वितळायला लागलं की दक्षिणेकडच्या नद्या आधी भरतात, मग आम्ही त्यांच्या मागे. बोस्निया, मॉन्टेनेग्रो, अल्बेनिया, आणि जूनमध्ये परत आपल्या घरच्या सोचा नदीवर.

बाकीची सहा जणं शरदापासून एकत्र होती. त्यांचं सगळं ठरून गेलं होतं. कोण कुणाच्या शेजारी बसतो, कुणाला कांदा चालत नाही, कोण घोरतो. एखादा नुसता "शिडी" म्हणाला तरी सगळे पोट धरून हसायचे. ब्रिनानं एकदा विचारलं, "शिडीचं काय?" रोक म्हणाला, "अगं, ते... तू नव्हतीस तेव्हा. सांगून मजा नाही." रोक म्हणजे अंगानं थोराड, तोंडानं त्याहून मोठा असा मुलगा. मनानं वाईट नव्हता, पण समोर विनोद दिसला की त्याला तो सोडवायचा नाही. ब्रिना हसली, मान डोलावली आणि जोटा, म्हणजे आंबट कोबी-घेवड्याचं कालवण, खात राहिली. नंतर कधी तिनं शिडीचं विचारलं नाही.

ती लोगची, खिंडीखालच्या गावची. वडील हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ ढकलायचं यंत्र चालवायचे, आई सीमेपलीकडे इटलीत वृद्धाश्रमात कामाला आणि शनिवारी घरी. घरात आवाज कमीच. ती बोलायची नाही असं नव्हे, पण तिचं वाक्य तयार होईपर्यंत इतरांची तीन वाक्यं होऊन गेलेली असायची. मग ती तिचं वाक्य गिळून टाकायची. मी आरशातून बघायचे ना, तोंड उघडलेलं दिसायचं, मग मिटलेलं.

कॅमेरा तिच्याकडे आला तो असाच, कुणाला नको होता म्हणून. मिर्याम बाई फोटो काढायलाही शिकवायच्या. शाळेचा एकच कॅमेरा होता, जुना, वरची चकती अडकायची, नखानं ढकलावी लागायची. आठवड्याला एकानं तो घ्यायचा आणि त्या आठवड्यात अर्धा वेळ काठावर उभं राहायचं असा नियम. पोरांना पाण्यातून बाहेर राहायची शिक्षा वाटायची ती. एकमेकांच्या ढुंगणाचे फोटो काढून वेळ भागवायचे. ब्रिनाचा आठवडा संपला तेव्हा ती बाईंकडे गेली आणि म्हणाली, "पुढचाही मी घेऊ का?"

"रोकची पाळी आहे."

रोक तिकडून ओरडला, "माझी पाळी तिला दिली. जन्मभरासाठी दिली."

पहिले फोटो अगदीच वाईट होते. व्रबास नदीवर तिनं शंभरेक काढले असतील. फेस चांगला पांढरा आणि माणसं कोळशासारखी, नाहीतर माणसांचे चेहरे दिसताहेत आणि नदीच्या जागी नुसती पांढरी चादर. मी बटाटे सोलत होते आणि त्या दोघी शेजारी बसून बघत होत्या. बाई म्हणाल्या, "कॅमेऱ्याला वाटतं, बाप रे, किती उजेड. म्हणून तो सगळंच काळवंडून टाकतो. फेसाचं ऐकलंस तर माणूस जातो, माणसाचं ऐकलंस तर फेस जळतो. मध्ये कुठं थांबायचं ते तू ठरवायचंस."

"कसं ठरवू?"

"चुकून चुकून."

ती चुकली आणि चुकत राहिली. सकाळी घळीत ऊन कुठल्या खडकापर्यंत येतं ते आदल्या दिवशी जाऊन बघून यायला लागली. थेंब हवेत गोठवायचे असतील तर शटर किती झरकन् उघडून मिटायचं आणि पाणी रेशमासारखं वाहताना दाखवायचं असेल तर किती वेळ उघडं ठेवायचं, ते तिच्या बोटांत बसलं. सगळ्यात अवघड गोष्ट तिनं मला गाडी धुताना सांगितली. म्हणाली, "मावशी, दिसलं म्हणून बोट दाबलं ना, की उशीर झालेला असतो. दिसायच्या आधी दाबावं लागतं." मी म्हटलं, "वळणावर ब्रेकचंही तसंच असतं." ती पहिल्यांदाच माझ्याशी खुलून हसली.

पण त्या नादात ती पाण्यात कमी आणि काठावर जास्त दिसायला लागली. गोराझ्दनं एकदोनदा हटकलं. ती म्हणायची, "आज उजेड चांगला आहे." नदी खडकांमधून कोसळते त्या उतारावर पाण्याचा आवाज एवढा असतो की काठावर शेजारी उभ्या माणसाशीही बोलता येत नाही. तिथं गप्प राहणारं माणूस एकटं आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मला वाटतं, तिला तेच बरं वाटत असावं.

मग येर्नेय तिच्याकडे आला. येर्नेय कोबारिदचा, सतरा वर्षांचा, त्या सगळ्यांत पाण्यात सर्वांत चांगला. गोराझ्दसुद्धा कधी कधी त्याच्या मागून जायचा, मुद्दाम, त्याची वाट कशी निघते ते बघायला. त्याला शर्यतीच्या संघात जायचं होतं आणि चांगले फोटो हवे होते. सरळ येऊन म्हणाला, "तू आयदापेक्षा चांगले काढतेस."

"आयदा कॅमेरा धरायची तरी का?"

"नाही. म्हणूनच."

तिला हसू फुटलं. त्यालाही. तिथून त्यांचं जमलं. उतार बघायला ती दोघं सगळ्यांच्या पुढे जायची. तो हात करून दाखवायचा, इथून मी वळणार, इथं नाक उचलणार, तिथं खाली जाणार. ती खडक निवडायची. संध्याकाळी तो तिच्या शेजारी बसून एकेक फोटो बघायचा, आपला अर्धा बुरेक, चीज भरलेली पापुद्र्यांची खारी, तिला द्यायचा आणि बर्फ ढकलायच्या यंत्राबद्दल विचारायचा. त्या यंत्राबद्दल तिला आजवर कुणी विचारलं नसावं. यंत्राला पुढे किती मोठं पातं असतं, पहाटे वडील कसे निघतात, खिंडीत एकदा कोल्हा कसा पात्यापुढून चालत राहिला होता, बाजूला व्हायलाच तयार नव्हता, असं सगळं ती सांगत होती. मी भांडी घासत होते आणि ऐकत होते. तिची वाक्यं शेवटापर्यंत जात होती.

एप्रिलमध्ये आम्ही मॉन्टेनेग्रोत, तारा नदीच्या वरच्या अंगाला गेलो. ताराला मिळणाऱ्या एका लहान नदीवर एक उतार होता, वरून फार भयंकर वाटायचा नाही. पाणी आधी एका शांत खोबणीत थांबायचं, तिथून वळून दोन खडकांच्या मधून खाली कोसळायचं. मुलं एकेक करून त्या खोबणीत थांबायची, गोराझ्दनं खालून हात केला की निघायची. येर्नेय शेवटचा होता. ब्रिना पलीकडच्या खडकावर होती, त्याच्या बरोब्बर समोर.

तो उतरला तो सुरेख उतरला. तिनं उडीचे फोटो काढले, तेही चांगले आले. पण त्याआधीचा एक होता. खोबणीत एकटा असताना त्यानं ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं होतं आणि मान वर केली होती. त्या फोटोत तो पाण्याकडे बघत नव्हता. काठाकडे बघत होता, डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं, लहान मूल जत्रेत हात सुटल्यावर बघतं ना, तसा. हेल्मेटखाली सात-आठ वर्षांचा पोरगा बसवल्यासारखा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि नदीवर जायचं रद्द झालं. आम्ही एका घरगुती खानावळीत उतरलो होतो. दुपारी बाईंनी खाण्याच्या खोलीतल्या टीव्हीला संगणक जोडला आणि सगळ्यांना गेल्या आठवड्याचे फोटो दाखवायला घेतले. तो फोटो त्यांनी सकाळीच पाहिला होता. ब्रिनाला म्हणाल्या होत्या, "हा फोटो आहे. बाकीचे नुसते पुरावे आहेत." दाखवू का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. ब्रिनालाही सांगायचं सुचलं नाही. तिला वाटलं असेल, चांगला आहे म्हणतात तर चांगला असेल.

टीव्हीवर येर्नेयचा तो चेहरा आला, भिंतीएवढा मोठा. खोली गप्प झाली. आणि गप्प खोली रोकला सहन होत नाही. तो म्हणाला, "काय रे, आईला शोधतोयस?"

सगळे हसले. येर्नेयही हसला, सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग पाणी पिऊन येतो म्हणाला आणि उठला तो जेवायलाच आला. जेवताना तो ब्रिनाच्या शेजारी बसला नाही. ती जागा धरून बसली होती, बाकावर आपलं जाकीट ठेवून. बऱ्याच वेळानं तिनं जाकीट उचललं आणि मांडीवर घेतलं.

पाऊस थांबल्यावर नदी वाढली होती. गोराझ्दनं सगळ्यांना काठावर उभं करून बजावलं, "डावीकडून कुणीही जायचं नाही. पाण्याखाली खडक आहेत, आज दिसत नाहीत. उजवीकडून. कळलं? येर्नेय, कळलं?"

"कळलं."

ब्रिना कॅमेरा घेऊन तिच्या खडकावर उभी राहिली. तो शेवटी आला. खोबणीत थांबलाच नाही. गोराझ्दकडे बघितलं नाही, तिच्याकडे तर नाहीच, आणि डावीकडे वळला. वल्ह्याचं पातं खडकांच्या फटीत अडकलं, तो उलटला, पण हातानं वल्हं काही सोडलं नाही. वर आला तेव्हा कयाकीच्या बाहेर होता. गोराझ्दचा दोर पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा त्याच्या धड असलेल्या हाताला लागला. दुसरा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता, भलत्याच दिशेला.

मी त्याला इस्पितळात नेलं. पुढच्या सीटवर उशा लावून बसवला होता. प्रत्येक खड्ड्याला तो दात आवळायचा. निम्म्या वाटेत, मी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाला, "रोकचं काही नाही, मावशी. रोक रोजच बोलतो."

"मग?"

"फोटो खोटा असता तर मीही विसरून गेलो असतो."

मी गाडी चालवत राहिले. सतरा वर्षांच्या पोराला काय सांगणार, की सगळेच घाबरतात? ते त्यालाही माहीत होतं. पण ते टीव्हीवर बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई कोबारिदहून गाडी घेऊन आली आणि इस्पितळातूनच त्याला परत घेऊन गेली. त्याची बॅग मी भरून दिली. कुणाचा निरोप घ्यायला तो खानावळीत आला नाही.

आता गाडीत एक जागा रिकामी झाली. तुझ्यामुळे असं ब्रिनाला कुणी म्हटलं नाही, पण तिच्या बाजूला बोलणं थांबायचं. कॅमेरा दिसला की मुलं पाठ करायची. रोकनंच शेवटी तोंड उघडलं. जेवताना म्हणाला, "तो कॅमेरा आत ठेव बाई. अजून कुणाचा खांदा मोडायचा राहिलाय का?"

मी त्याला वाढत होते, डाव हातातच राहिला. म्हटलं, "आईला शोधतोयस, हे कोण म्हणालं होतं रे?"

त्याचे कान लाल झाले. पण ब्रिनाच म्हणाली, "मावशी, राहू दे ना." मग तिनं ताट उचललं आणि बाहेर पायरीवर जाऊन जेवली.

त्याच संध्याकाळी तिनं बाईंसमोर तो फोटो पुसायला घेतला. बाईंनी तिचा हात धरला. "पुसू नकोस. असा फोटो एखाद्याला आयुष्यात दोनदा मिळत नाही. दाखवण्याआधी मी विचारायला हवं होतं, चूक माझी आहे. पण फोटोची काय चूक?"

"काढला मी," ब्रिना म्हणाली.

"आणि चांगला काढलास."

"त्याच्यासाठी नाही चांगला."

तिनं पुसला. बाई उठून गेल्या. त्यांना राग आला होता, आणि रडूही आलं होतं हे मी बघितलं.

अल्बेनियात, व्योसा नदीवर आम्ही जवळजवळ महिनाभर होतो. रुंद, गोट्यांची, मोकळी नदी. तिथं घाबरण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यामुळे सगळे सैलावले. ब्रिना पुन्हा पाण्यात उतरायला लागली, पण रांगेत कायम शेवटी, मध्ये चांगलं अंतर ठेवून. फोटो काढायची ते माणसांशिवायचे. वाळत घातलेली रबरी जाकिटं. गोट्यांवर पालथ्या घातलेल्या कयाकी. हात, पाठी, ओले बूट. बाई विचारायच्या, "चेहरे कुठं गेले?" तर म्हणायची, "विचारल्याशिवाय नाही काढणार." आणि विचारायला ती जायची नाही, कारण नाही म्हणतील याची भीती.

आमचे तंबू पर्मेतजवळ एका बाईच्या आवारात होते. नवरा ग्रीसमध्ये कामाला, दोन शेळ्या, एक अंजिराचं झाड. ती रोज सकाळी आम्हाला दही द्यायची. एक दिवस ब्रिना तिच्यापुढे उभी राहिली, कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि नुसती बघत राहिली. भाषा तर येत नव्हती. ती शेळीवाली दूध काढत होती. तिनं जोरजोरानं मान हलवली, बोटानं थांब म्हणाली आणि घरात गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. केस ओले करून चापून बसवलेले, नवा ब्लाऊज, पायात बंद बूट. अंजिराखाली हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, शाळेच्या कवायतीला उभं राहावं तशी उभी राहिली. ब्रिनानं फोटो काढला.

मिर्याम बाईंनी तो बघितला आणि सुस्कारा सोडला. "दूध काढताना काय छान दिसत होती. ओळखपत्राचा फोटो झाला हा."

"तिला आवडला," ब्रिना म्हणाली.

गावातल्या दुकानातून तिनं तो छापून आणून दिला. त्या बाईनं तो दोन्ही हातांनी धरला, ब्रिनाच्या गालाचा मुका घेतला आणि फोटो आत नेऊन टीव्हीशेजारी लावला. ब्रिना अंगणातच उभी राहिली. मी बोलावलं तेव्हा भानावर आली. त्या महिन्यात तिला कुणी मायेनं हात लावला असेल तर त्या बाईनंच.

जूनमध्ये आम्ही परतलो. तिनं येर्नेयला पत्र पाठवलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही. ऑगस्टमध्ये उत्तर आलं, ते तिनं मला वाचून दाखवलं, कारण ते एका ओळीचं होतं. खांदा बरा आहे, इकडे फार उकडतंय, तू मजेत असशील. ती म्हणाली, "मजेत असशील म्हणाला." मी म्हटलं, "लिहायला सुचत नाही गं मुलांना." ती म्हणाली, "हो." पुढं त्यानं शर्यतींचा नाद सोडला. आता ऑस्ट्रियात बर्फावर घसरायला येणाऱ्यांना डोंगरावर नेणारे पाळणे दुरुस्त करतो. सणासुदीला बाजारात भेटला तर दोघं थांबतात, हवापाण्याचं बोलतात आणि आपापल्या वाटेनं जातात. भांडण असं काही नव्हतंच, मग मिटवणार काय?

गोराझ्दचे गुडघे गेले आणि काही वर्षांत शाळा बंद पडली. मिर्याम बाई ल्युब्लियानाला गेल्या. त्यांना वाटायचं ब्रिनानं मोठ्या शहरात जाऊन शिकावं, त्यांनी दोनदा फोनही केला. ती गेली नाही. आज ती तीस-बत्तीसची आहे. तोल्मिनमध्ये तिची एक खोली आहे, तिथं पासपोर्टचे, लग्नांचे, शाळेच्या वर्गांचे फोटो काढते. लोक आरशात बघतात, केस नीट करतात, मगच ती बटण दाबते. म्हाताऱ्या बायकांना तिच्याकडचेच फोटो आवडतात. उन्हाळ्यात ती सोचाच्या खडकांवर असते. रबरी होड्यांतून पर्यटक येतात, किंचाळतात, हात वर करतात, ती त्यांचे फोटो काढते आणि संध्याकाळी ते येऊन विकत नेतात. दिवसभर एकटी, डब्यात भाकर आणि चीज, कानात फक्त पाण्याचा आवाज. मी एकदा विचारलं, "कंटाळा नाही येत?" तर विचार करून म्हणाली, "कंटाळा नाही. पण संध्याकाळी घरी गेल्यावर स्वतःचाच आवाज अनोळखी वाटतो."

त्या फोटोबद्दल ती एकदाच बोलली. आम्ही मशरूम निवडत बसलो होतो. म्हणाली, "कधी कधी वाटतं ठेवायला हवा होता. कुणाला न दाखवता, नुसता ठेवायला."

"का गं?"

"तो तेव्हा माझ्याकडेच बघत होता, मावशी. त्या काठावर दुसरं कुणी नव्हतंच."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं एक किडका मशरूम बाजूला काढला आणि पुढचा उचलला.

ऑक्टोबरमध्ये पर्यटक गेले की ती कयाक काढते. एकटीनं नदीत उतरू नये, हे गोराझ्दनं आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, पण तिच्याबरोबर जायला कुणी नसतं. मग तिनं मला विचारलं, जरा अडखळतच, की मी पुलावर येऊन बसेन का. माझं घर तरी कुठं भरलेलं आहे? मी थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन जाते. पोहता मला येत नाही, काही झालं तर फक्त फोन करू शकते, तरी जाते. ती वरच्या वळणावरून येते, पुलाखालून जाताना वल्हं थोडं उचलते, मी हात करते. खाली वाळूवर ती बाहेर पडते, आम्ही दोघी कयाक उचलून माझ्या गाडीच्या टपावर बांधतो. तिचे ओठ निळे पडलेले असतात. मी चहा ओतून देते.

"पाणी कसं होतं?" मी विचारते.

"गार," ती म्हणते. कप दोन्ही हातांत धरून उभी राहते, आणि मी हीटर सुरू करून ठेवते.